टोल पडायच्या आत समेवर यायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी संगीत विशारद आहे. गेल्या जूनपासून एका प्राथमिक शाळेत पहिली ते चौथीचे संगीताचे तास घेते. मुलं छान गातात, तास रंगतो, पण शेवटची पाच मिनिटं हाताबाहेर जातात. टाळ-खंजिऱ्या वाजतच राहतात, रांग होत नाही, पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहतात आणि मी ओरडत असते. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात चाळीसेक मुलं. काय करू?"

आधी एक दिलासा. तुमचा तास रंगतोय म्हणूनच हे होतंय. कंटाळलेली मुलं टोल पडायच्या पाच मिनिटं आधी दप्तर भरून शहाण्यासारखी बसतात. तेव्हा आपलं काही चुकतंय या भावनेतून आधी बाहेर या. चुकतंय ते एवढंच, की तुम्ही तास सुरू कसा करायचा हे ठरवून येता आणि संपवायचं काम टोलावर सोडता. टोल शिपाईमामांच्या हातात असतो. सम, म्हणजे ज्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर) ताल फिरून परत येतो ती, तुमच्या हातात आहे.

मी २६ वर्षं हेच काम केलं. पहिल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. दुसरीचा वर्ग, मधल्या सुट्टीच्या आधीचा तास. मीही तुमच्यासारखीच परीक्षा देऊन आलेली, डोक्यात मैफलीचा साचा पक्का: आधी विलंबित, मग मध्य लय, शेवटी द्रुत. तसंच केलं. शेवटी ढोलकीवरचं एक फक्कड गाणं घेतलं, लय वाढवत नेली, मुलं उभी राहून नाचायला लागली आणि नेमका टोल पडला. ४८ मुलं एकदम दाराकडे. एकाच्या हातातला टाळ दुसऱ्याच्या तोंडावर बसला आणि दात पडला. दुधाचा होता, आधीपासून हलत होता, म्हणून मी वाचले. दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटली तर म्हणाली, "बरं झालं बाई, घरी हात लावू देत नव्हता." पण मला ती रात्र झोप लागली नव्हती.

त्या दाताने मला शिकवलं ते असं. मैफलीत द्रुतावर नेऊन भैरवीने संपवलेलं चालतं, कारण श्रोते तिथून घरी जातात. आपले श्रोते गणिताच्या तासाला जातात. अंगात चढलेली लय उतरायला मोठ्या माणसालाही वेळ लागतो, सात वर्षांच्या मुलाला तर लागतोच. म्हणून वर्गात क्रम बदलायचा. सगळ्यात दंगेखोर गोष्ट, म्हणजे वाद्यं, नाच, चढी लय, तासाच्या मध्यावर घ्यायची, साधारण बाराव्या मिनिटापासून बाविसाव्या मिनिटापर्यंत. मग वाद्यं परत घ्यायची आणि शेवटची आठ-दहा मिनिटं फक्त गळा. एखादं संथ गाणं, सुरांचे अलंकार, ऐकण्याचा खेळ. भैरवीची कल्पना मात्र तशीच उचला. दर तासाला शेवटी तीच एक चीज. वर्षभर तीच, बदलायची नाही. दोन ओळींची असली तरी पुरे. ती सुरू झाली की मुलांना कळतं, आता संपतंय. दिवाळीपर्यंत अशी स्थिती येते की तुम्ही पेटीवर तिचे पहिले दोन सूर धरले की मुलं आपोआप मांडी सावरतात.

आता वाद्यं. "चला, वाद्यं ठेवा" हे वाक्य तुमच्या तोंडून कायमचं बंद करा. चाळीस मुलं एकदम उठली की चाळीस टाळ वाजणारच, त्यात मुलांचा दोष नाही. मी क्रम लावते तो आवाजाच्या हिशोबाने: आधी झांजा आणि टाळ, मग खंजिऱ्या, मग घुंगरू, सगळ्यात शेवटी चिपळ्या. सगळ्यात मोठा आवाज आधी हातातून गेला पाहिजे. मूल वाद्य घेऊन माझ्याकडे येत नाही, मी किंवा त्या दिवसाचा वाद्यमंत्री रांगेतून चादर घेऊन फिरतो. खेळाचा नियम एकच, टाळ झोपवायचा पण जागा करायचा नाही. म्हणजे चादरीवर ठेवताना त्याचा आवाज झाला तर तो 'जागा झाला', मग परत उचलून पुन्हा झोपवायचा. पहिलीची मुलं याच्यात इतकी गुंततात की श्वास रोखून ठेवतात. चौथीच्या मुलांना हा खेळ बाळबोध वाटतो, त्यांना उलटं सांगते: पूर्ण ओळीत एकही टाळ वाजला नाही तर पुढच्या तासाला ती ओळ ठेका धरणार.

वाद्यमंत्री हा शब्द मुलांनीच काढला, शाळेच्या मंत्रिमंडळावरून. यात एक सावधगिरी. सर्वात खोडकर मुलाला हे पद द्या म्हणजे तो सुधारतो, असं सगळे सांगतात. मी करून पाहिलंय. तो सुधारतो, आणि बाकीच्या मुलांना कळतं की पद मिळवायचं तर खोड्या काढायच्या. म्हणून हजेरीपटाच्या क्रमाने द्या. खोडकराचा नंबर येईल तेव्हा येईल.

हे सगळं चालू असताना बाकीची मुलं काय करतात? हाच कळीचा प्रश्न आहे, कारण गोंधळ रिकाम्या मुलांचा असतो. ती तोंड मिटून सा धरतात. इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू ठेवायचा, आवाज मध्यम, आणि त्या सुरात सूर मिसळून गुणगुणायचं. ओठ मिटलेले असले की बोलता येत नाही, हा साधा हिशोब! शिवाय सूर लागतो तो वेगळाच फायदा. तानपुरा कधी बंद करायचा हे मला पाच-सहा वर्षांनी समजलं. पूर्वी गाणं संपलं की मी आधी तानपुरा बंद करायची आणि त्या पोकळीत चाळीस आवाज एकदम घुसायचे. आता तो शेवटपर्यंत चालू असतो. वाद्यं गेली, उभे राहिले, रांग झाली, मग बंद. चालू असतो तोवर ते तासातच असतात.

रांग लावायला तिसरी-चौथीसाठी मी त्रिताल वापरते. तुम्हाला ताल येतो, त्यामुळे हे लगेच जमेल. मिनिटाला साधारण ८० मात्रांची लय धरा. सोळा मात्रांचं एक आवर्तन बारा सेकंदांत होतं, चार आवर्तनं म्हणजे ४८ सेकंद. पहिल्या आवर्तनात सगळे बसल्या जागी हातावर ताल धरून अंक मोठ्याने म्हणतात: एकला टाळी, पाचला टाळी, नवाला खाली (म्हणजे टाळी न देता हात बाजूला), तेराला टाळी. दुसऱ्या समेला सगळे उभे आणि आवाज निम्मा. तिसऱ्या आवर्तनात पहिल्या दोन ओळी चालत दाराशी, आवाज कुजबुजीएवढा. चौथ्यात उरलेल्या दोन ओळी, आता फक्त ओठ हलतात. नवव्या मात्रेला हात बाजूला जातो आणि खोलीत काहीच ऐकू येत नाही, तेव्हा अंगावर काटा येतो, खरं सांगते. पाचव्या समेला सगळे एकच टाळी देतात आणि रांग तयार असते. कुणी अजून पोहोचलं नसेल तर? परत सुरुवात करायची नाही, रागवायचंही नाही. टाळी झाली, सम गेली, तो मागे राहिला, बस. पुढच्या खेपेला तो धावत नाही, मोजतो.

"आमची मुलं ४८ सेकंद शांत राहणं शक्य नाही" असं मला एका प्रशिक्षणात एक सर म्हणाले होते. मी त्यांना विचारलं, राष्ट्रगीताला राहतात ना? ते ५२ सेकंदांचं असतं. रोज सकाळी तुमची पहिलीची मुलंसुद्धा सरळ उभी असतात. म्हणजे क्षमता आहे. सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि मधे आपण काय करायचं हे त्यांना तिथे नक्की माहीत असतं. तुमच्या तासाच्या शेवटाला तेवढीच स्पष्ट चौकट हवी.

मात्र म्हणून राष्ट्रगीत किंवा पसायदान मुलांना गप्प करायला वापरू नका. मी काही शाळांमध्ये पाहिलंय, वर्ग आवरत नाही म्हणून बाई पसायदान सुरू करतात. मुलं गप्प होतात खरी. पण विश्वाचं भलं मागणारी प्रार्थना आणि 'आता तोंड मिटा' यांची गाठ एकदा मुलाच्या मनात पडली की ती सुटत नाही. संगीताच्या शिक्षकाने तरी हे पाप करू नये.

पहिली-दुसरीला सोळा मात्रा जड जातात. त्यांना तिहाई द्या. शास्त्रात तिहाई म्हणजे एक तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, आणि मुलांना तिचं गणित न सांगताही कळतं, कारण तीनदा ऐकलं की चौथ्यांदा काही येणार नाही हे कानाला समजतं. केरव्याच्या आठ मात्रा घ्या. तीन मात्रांचा तुकडा, मधे विश्रांती नाही: "रां-गेत-या, रां-गेत-या, रां-गेत-या". समेपासून सुरू केलं की तीन त्रिक नऊ, म्हणजे शेवटचा 'या' बरोबर पुढच्या समेवर पडतो. त्या 'या'ला पाय जुळवून उभं राहायचं. संगीताचा तास मुलांच्या वर्गातच असेल तर "दप्-तर-घे". दुसरीची मुलं स्वतः नवे तुकडे शोधतात, आमच्याकडे श्रावणात "खिच-डी-दे" फार चालली होती, पोषण आहाराच्या आधीच्या तासाला.

अगदी लहानांना दादरा. पहिलीला सहा मात्रांत नुसत्या टाळ्या: टाळी, गप, गप, टाळी, गप, गप, टाळी. ही शेवटची, सातव्या मात्रेवरची टाळी म्हणजे पुढची सम. तिला हात जुळलेलेच ठेवायचे, सोडायचे नाहीत. जुळलेले हात दुसऱ्याच्या वेणीपर्यंत पोहोचत नाहीत.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे की तुमच्या संगीत खोलीच्या दारात चपला-बुटांचा ढीग असतो. निम्मा गोंधळ तिथलाच. आत गादी-सतरंजी असते म्हणून बूट बाहेर काढायचे, आणि जाताना चाळीस मुलं एकाच ढिगात आपापला डावा-उजवा शोधतात. यावर उपाय तासाच्या शेवटी नाही, सुरुवातीला आहे. व्हरांड्यात खडूने चार रेघा आखा, प्रत्येक ओळीसाठी एक. आत येतानाच बूट रेघेवर, टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवायचे. जाताना पाय सरकवला की झालं. नाडीचे बूट असणाऱ्यांना आधी सोडायचं. हे मला एका पहिलीतल्या मुलीनेच सुचवलं, देवळात तिची आजी असंच ठेवते म्हणून.

व्हरांड्यातून वर्गापर्यंतची चाल हा वेगळा धडा आहे. इतर वर्गांत तास चालू असतात आणि आपली पोरं नुकतीच गाऊन आलेली असतात, गळा गप्प बसत नाही. त्यांना गायला सांगा, पण मनात. खोलीच्या दारात भैरवीची पहिली ओळ मोठ्याने म्हणायची, मी मूठ मिटली की आवाज बंद, पण गाणं आत चालूच. वर्गाच्या दारात मूठ उघडली की त्या क्षणी गाणं जिथे असेल तिथला शब्द हळूच म्हणायचा. सुरुवातीला कुणी दुसऱ्या ओळीवर असतो, कुणी चौथ्या, हसू होतं. दोन महिन्यांत तीस-पस्तीस मुलं एकाच शब्दावर येतात. हंगेरीच्या झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या शिक्षणपद्धतीत या आतल्या ऐकण्याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे नाव वेगळं दिलेलं नाही, पण गुरूसमोर बसून मनातल्या मनात तान फिरवणाऱ्या प्रत्येकाने हे केलेलंच असतं. शिस्तीसाठी सुरू केलेली ही युक्ती मला शेवटी लयीसाठी जास्त उपयोगी पडली.

"बाई, आणखी एक! आणखी एक!" याचं काय करायचं? एकदा दिलंत की दर तासाला द्यावं लागेल. मी गाणं देत नाही, सूर देते. सा रे ग म प ध नी, आणि नी वर थांबते. वरचा सा गात नाही. मुलं अक्षरशः तळमळतात. मग म्हणते, तो दारात. एकेक मूल दारातून जाताना वरचा सा लावून जातं. चाळीस मुलं, प्रत्येकी तीन सेकंद, दोन मिनिटं लागतात, म्हणून हे दर तासाला करू नका, आठवड्यातून एकदा. पण त्या दोन मिनिटांत वर्गातला प्रत्येक गळा वेगळा ऐकायला मिळतो, एरवी समूहात कोण गातंय आणि कोण नुसते ओठ हलवतंय ते कळत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या माझ्या निम्म्या नोंदी या दारातच झाल्यात. एखादं मूल लाजलं, गायलं नाही, तर थांबवून ठेवू नका. नुसतं हसून जाऊ द्या. एक मुलगी माझ्यासमोरून जूनपासून जानेवारीपर्यंत नुसती मान हलवून गेली. फेब्रुवारीत गायली.

टोल लवकर पडला तर? पडतोच. पाहुणे येतात, पाऊस वाढतो, मामांचं घड्याळ पुढे असतं. म्हणून दोन शेवट तयार ठेवा. एक पूर्ण, सहा-सात मिनिटांचा: संथ गाणं, भैरवी, आवर्तनं. दुसरा आणीबाणीचा, वीस सेकंदांचा, नुसती तिहाई आणि समेवर शांतता. टोल पडल्यावर मुलं उठतात ती टोलाला उठतात. त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा की टोल बाईंसाठी असतो, मुलांसाठी तिहाई. आणि उशीर झाला तर पुढच्या बाईंचा वेळ आपण खातोय हे लक्षात ठेवा. संगीतवाल्यांना वेळेचं भान नसतं अशी आपली ख्याती आहेच, तिला आपण खतपाणी घालू नये.

दारात उभ्या असलेल्या त्या बाईंशी एकदा मधल्या सुट्टीत चहावर बोला. तुमच्या तासानंतर त्यांना वर्ग कसा हवा, ते विचारा. मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांना शांत वर्ग नकोच होता, त्यांना गणिताची वही बाकावर उघडलेली हवी होती. मग मी तेच भैरवीआधी गाऊन सांगू लागले. मी सा-रे-ग मध्ये "वही काढा गणिताची", मुलं ग-रे-सा मध्ये "काढली बाई गणिताची", आणि तेवढ्यात वह्या बाहेर. हे तुमच्या शाळेत तुम्ही मुलांच्या वर्गात जाऊन तास घेत असाल तर विशेष उपयोगी. तेव्हा रांगेचा प्रश्न नसतो, प्रश्न असतो तुमचाच: पेटीचा भाता बंद करायचा, झाकण लावायचं, डग्गा-तबल्याला गवसणी घालायची, आणि हे करताना पाठ वर्गाकडे. पाठ वळली की वर्ग गेला. पेटी बंद करणं शेवटच्या गाण्याआधी उरका. शेवटचं गाणं पेटीशिवाय गा. मुलं उलट जास्त सुरात गातात, कारण पेटीच्या आडोशाला लपता येत नाही.

ओरडू नका असं सांगायला सोपं आहे, म्हणून दुसरं सांगते. गळा हेच आपलं हत्यार आहे. दिवसात सहा तास गाऊन वर ओरडलात तर चाळिशीत आवाज बसतो, आमच्यातल्या दोघी-तिघींचा बसलाय. मुलांचं लक्ष हवं असेल तर पेटीवर मंद्र पंचम, म्हणजे खालचा प, हळू धरा, किंवा काहीही न बोलता हातावर ताल धरायला सुरुवात करा. तिसऱ्या टाळीपर्यंत पुढची ओळ सामील होते. आणि "असं केलंत तर पुढच्या वेळी संगीत नाही" ही धमकी कधीच नको. आठवड्यात मिळणारा एखादा तास आपण स्वतःच शिक्षेच्या खात्यात टाकायचा?

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त टाळ झोपवणं. मग भैरवी ठरवा. त्रितालाची रांग गणपतीनंतर, तोवर मुलांना ताल हातावर धरता यायला हवा.

मुख्याध्यापकांकडे मागायचंच असेल तर दोन गोष्टी मागा. एक, वेळापत्रकात जमेल तितके संगीताचे तास मधल्या सुट्टीच्या किंवा शाळा सुटण्याच्या आधी. दुसरी, सुताराला बोलावून भिंतीवर मुलांच्या उंचीला दोन डझन खिळे. टाळ दोरीने टांगले की गुंता होत नाही, आणि कुठल्या खिळ्यावरचा टाळ परत आला नाही ते दारातूनच दिसतं.